चेरी, बदाम आणि अण्णांचा सदरा

मे महिन्यात भाची पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्याच रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, नेलं नाही तर इंदुरात तो गुन्हा धरतात, म्हणून आम्ही निघायच्या गडबडीत होतो. ती आरशासमोर. पर्समधून करंगळीएवढी काचेची कुपी काढली, माझा हात ओढून मनगटावर एकदाच फुस्स केलं आणि म्हणाली, "मावशी, ओळख."

मी हात नाकाशी नेला. विचार करायची वेळच आली नाही.

"सियागंज."

तिला वाटलं मावशीची काहीतरी चेष्टा चालली आहे. कुपीत होतं टॉम फोर्ड कंपनीचं 'लॉस्ट चेरी'. लुईझ टर्नर नावाच्या बाईंनी केलेलं, 2018 साली बाजारात आलेलं, आणि पन्नास मिलीच्या बाटलीची किंमत पाच आकडी. अख्खी बाटली कोण घेणार? म्हणून ही पोरं कुणाच्या तरी मोठ्या बाटलीतून पाच मिली काढून घेतात. त्याला डिकँट म्हणतात, असं तिनं मला समजावून सांगितलं. आमच्या वेळी त्याला 'सुटं' म्हणायचे.

चेष्टा मात्र मी करत नव्हते. माझे वडील, अण्णा, सियागंज या इंदूरच्या घाऊक बाजारात एका एसेन्स आणि खाण्याच्या रंगांच्या घाऊक दुकानात बत्तीस वर्षं मुनीम होते. वह्या लिहायच्या आणि उधारी वसूल करायची हे त्यांचं काम. पण दुकान अरुंद, माणसं तीन, त्यामुळे सीझनला मुनीमही नरसाळं घेऊन बाटल्या भरायला बसे. रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्याला संध्याकाळी सायकल टेकली की आधी वास घरात यायचा आणि मागून अण्णा. आई सदरा खुंटीला लावता लावता हुंगायची आणि त्या दिवशीचा धंदा सांगायची. "आज शरबतवाले आले होते वाटतं." म्हणजे खस आणि गुलाब. दिवाळीच्या आधी हलवाई, म्हणजे केवडा आणि वेलची. डिसेंबर लागला की बेकरीवाले, म्हणजे व्हॅनिला, पायनॅपल आणि चेरी. आणि जर्देवाले बारा महिने. त्यांच्या वासावर आई काही बोलायची नाही, कारण अण्णा स्वतःच जर्दा खायचे आणि तो विषय घरात वेगळा होता.

चेरीचं एसेन्स मोठ्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत यायचं, त्यातून छोट्या काचेच्या बाटल्यांत जायचं. लाल लेबल, लाल द्रव, झाकणही लाल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात जाऊन बसायचे तेव्हा मला त्या बाटलीचं एक कौतुक होतं. फार दिवस पडून राहिली की तिच्या तोंडाशी पांढरे बारीक खडे धरायचे. अण्णा चाकूच्या टोकानं ते खरवडून टाकायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "माल असली है, इसलिए शक्कर पकड़ी है." माझाही त्यावर विश्वास होता. चेरी गोड, म्हणून साखर धरते. सरळ हिशेब.

आता गंमत बघा. हे सगळं चाललेलं असताना आमच्या घरात चेरी कुणी पाहिलेलीच नव्हती. घरात चेरी हा शब्द फक्त एका ठिकाणी लिहिलेला होता, माझ्या भावाच्या बूटपॉलिशच्या डबीवर. वाढदिवसाच्या पेस्ट्रीवर जी लालभडक, चिकट, चावली की किंचित करकरणारी गोष्ट असायची तिला आम्ही चेरी म्हणायचो, आणि ती कोण खाणार यावरून मी आणि बहीण (भाचीची आई) एकमेकींच्या वेण्या ओढायचो. ती चेरी म्हणजे करवंद होतं. आपल्याकडच्या बेकऱ्यांत चेरी म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा करवंदच असतं. कच्ची करवंदं कापून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात मुरवायची, लाल रंग द्यायचा आणि रोज थोडा थोडा दाट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात घालत राहायचं. टुटीफ्रुटीची पपई असते, तसंच हे. कोकणातल्या माणसाला डोंगराची काळी मैना जीव की प्राण; तिला लाल कपडे घालून आम्ही माळव्यात चेरी करून टाकली. तिला चेरीचा वास कुठून असणार? तो अण्णांच्या बाटलीतून दिलेला.

खरी चेरी मी पहिल्यांदा हातात घेतली ती नोकरी लागल्यावर. चोइथराम मंडीतून नवऱ्यानं एक पेटी आणली, काश्मीरची, वर पारदर्शक कागद आणि आत ओळीनं लावलेली गर्द लाल फळं. मी पहिली गोष्ट काय केली असेल तर पेटी उघडून नाक आत घातलं. काहीच नाही. म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास, थोडं हिरवं हिरवं गवतासारखं काहीतरी, बस्स. खाल्ली. गोड, किंचित आंबट, रसाळ, छान. पण चेरीचा वास? नाही. मला इतकं फसवल्यासारखं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलं, जुनी दिसतेय.

ती जुनी नव्हती. ताज्या गोड चेरीला वास असतोच अगदी बेताचा. त्यात हिरव्या पानांसारख्या वासाची काही द्रव्यं असतात, आणि ज्याला आपण चेरीचा वास म्हणतो ते बेंझाल्डिहाइड असतं, पण फार थोडं. युरोपात मुरंबा आणि मद्य करायला जी आंबट चेरी वापरतात तिच्यात ते जास्त. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर आपण जे थुंकून टाकतो त्या बीमध्ये.

ज्यांच्या घरी जर्दाळू खाऊन त्याच्या बिया फोडायचा उद्योग झाला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दुपारी आईचा डोळा लागला की ओट्यावर बत्ता घेऊन तोच कार्यक्रम चाले. आतला दाणा बदामासारखा, बहुतेक गोड, पण मधूनच एखादा असा कडू निघायचा की तोंड वाकडं करून थुंकायचं. त्या कडू दाण्याचा वास आठवा. तोच. चेरी, जर्दाळू, आलुबुखारा, पीच आणि बदाम ही सगळी एकाच वंशातली, प्रुनस वंशातली भावंडं. त्यांच्या बियांत ॲमिग्डालिन नावाचं एक द्रव्य असतं, आणि त्याला तोडणारं विकर त्याच दाण्यात पण वेगळ्या खोलीत असतं. दाणा अखंड आहे तोवर दोघांची भेट नाही. चावला, ठेचला, ओला झाला की भिंत पडते आणि ॲमिग्डालिनचे तुकडे होतात: थोडी साखर, बेंझाल्डिहाइड, आणि हायड्रोजन सायनाइड. झाडानं हे सगळं आपल्यासाठी केलेलं नाही. बी खाणाऱ्याला दिलेली ती शिक्षा आहे. त्या बियांचे कडू दाणे मूठभर खायचे नसतात ते याच कारणानं, आणि आम्ही थुंकत होतो ते बरंच होतं.

जर्मनीत वोलर आणि लीबिग या दोघांनी 1832 साली कडू बदामाच्या तेलावर काम केलं आणि 1837 मध्ये हे ॲमिग्डालिन कसं फुटतं ते दाखवलं. कार्बनी रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही दोन्ही नावं पहिल्या काही पानांतच भेटतात. मला ती होळकर सायन्स कॉलेजात भेटली. तिथंच अण्णांच्या साखरेचं बिंगही फुटलं. बेंझाल्डिहाइड हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचं बेंझोइक ॲसिड होतं, पांढरं, खडेदार. बाटलीच्या तोंडाशी धरलेली 'शक्कर' म्हणजे माल असली असल्याची खूण नव्हती, माल जुना झाल्याची होती. घरी येऊन मी हे मोठ्या दिमाखात अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही होय? पण गिऱ्हाइकाला काय बेंझोइक ॲसिड सांगू?"

त्या दिमाखाचं फळ लगेच मिळालं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अज्ञात द्रव ओळखायला दिला होता. परीक्षानळी नाकाशी नेली आणि मी मनातल्या मनात हसलेच. कडू बदाम! सियागंजच्या मुनिमाच्या मुलीला हे विचारता? पुढच्या चाचण्या मी अंदाजानं भरून टाकल्या. बेंझाल्डिहाइड असलं की नळीत धरतो तो चांदीचा आरसा दिसला, नारिंगी साका दिसला, सगळं दिसलं. लिहिलं: बेंझाल्डिहाइड. द्रव होता नायट्रोबेंझीन. त्याला हुबेहूब तोच वास असतो, आणि एकोणिसाव्या शतकात 'मिरबेनचं तेल' या नावानं ते स्वस्त साबणांत बदामाच्या वासासाठी सर्रास घालत. त्वचेतून आत जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद मारतं, हे कळल्यावर मग त्याची हकालपट्टी झाली. सर वही परत देताना म्हणाले, "नाक उत्तम आहे. आरसा कुठे बघितलात तेवढं सांगा." अजून आठवलं की कान गरम होतात.

असो. भाचीच्या कुपीकडे येऊ.

कन्नौजला देग आणि भपक्यावर (उकळायचा हंडा आणि वाफ धरायचं भांडं) गुलाब, केवडा, मोगरा, इतकंच काय भाजलेली माती उकळून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. मग चेरीचं अत्तर का नाही? कारण उतरवायला काही नाहीच. फळात मुख्यतः पाणी आणि साखर, वासाची द्रव्यं चिमूटभर, आणि ती उकळली की मुरंब्याचा वास येतो. त्यामुळे अत्तराच्या जाहिरातीत 'चेरी' असं लिहिलेलं असतं तेव्हा ती चेरी कुणीतरी बसून रचलेली असते. ठुमरीत जसा राग मांडता मांडता गायक दुसऱ्या रागाचा भास करून देतो, तसा हा भास. अत्तरवाले त्याला अकॉर्ड म्हणतात. मधे खांब बेंझाल्डिहाइडचा. तो एकटा उभा केला तर कडू बदाम, फार झाला तर खोकल्याचं औषध. त्याला फळ बनवायचं म्हणजे भोवती माणसं जमवावी लागतात. पीचसारखा सायीचा वास देणारं लॅक्टोन, व्हायोलेटसारखे पावडरीचे आयोनोन, गुलाबाच्या तेलात सापडणारी आणि मुरलेल्या फळाचा रंग देणारी डॅमॅस्कोन, साखर करपू लागल्याचा वास देणारं एथिल माल्टोल, आणि व्हॅनिलिन तर असतंच. कुठलंही एक चेरी नाही.

या मंडळींत मला सगळ्यात आवडतं ते हेलिओट्रोपिन. त्याचं दुसरं नाव पायपरोनल, आणि त्या नावात आपली मिरी बसलेली आहे, कारण 1869 साली ते पहिल्यांदा मिरीच्या तिखटपणातून निघणाऱ्या आम्लापासून तयार केलं गेलं. तिखट मिरीतून निघालेला हा पांढरा भुगा वासाला कसा, तर बदाम, व्हॅनिला आणि बाळाच्या अंगाची पावडर यांच्या मधला. हेलिओट्रोप नावाचं जांभळं फूल असाच वास देतं, आणि इंग्लंडमधले बागवाले त्या झाडाला चक्क 'चेरी पाय' म्हणतात. फुलाला फळाचं नाव, फळाला बीचा वास, आणि वासाला मिरीचा जन्म. गेर्लां या फ्रेंच अत्तर-घराण्याचं 1906 चं 'आप्रे लाँदे' याच हेलिओट्रोपिनसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यात चेरीचं नावही कुणी घेत नाही. याच द्रव्यापासून नशेच्या गोळ्याही करता येतात, त्यामुळे 1988 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराखाली त्याच्या खरेदी-विक्रीवर जगभर नजर असते. बाळाच्या पावडरीवर पोलिसांची नजर.

गेर्लांचंच 'ला पेतित रोब न्वार' 2012 मध्ये सगळीकडे मिळू लागलं. त्यात काळी चेरी आहे आणि तिच्या जोडीला धुराचा वास लागलेला चहा आणि ज्येष्ठमध आहे. दिल्लीच्या विमानतळावर मी ते एकदा हातावर घेतलं होतं. मला विचाराल तर चेरीला गोडानं सांभाळण्यापेक्षा अशा कडवट गोष्टींनी सांभाळलेलं बरं. 'लॉस्ट चेरी'त कडू बदाम आहे, चेरीचं मद्य आहे, तुर्की गुलाब आहे, आणि जॅस्मिन सांबाक आहे. हे शेवटचं भारदस्त नाव ऐकून भाची खूश होती. ते म्हणजे मोगरा. शेवटी पेरू बाल्सम हा झाडाचा सुगंधी चीक आणि टोंका बी.

सराफ्यात पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले होते आणि तरी हवा तव्यासारखी. भुट्ट्याचा कीस, गराडू नाही कारण त्याचा थंडीचा सीझन, जिलेबीच्या कढया, रबडी. अशा ठिकाणी अत्तराची परीक्षा घेऊ नये, पण मी मधूनमधून मनगट हुंगत होते. पहिली दहा मिनिटं ती लाल, मद्यात बुडवलेली चेरी फार झोकात होती. अर्ध्या तासात तिची कडवट धार गेली. बारा वाजता हातावर जे उरलं होतं ते गोड, कोमट, वाळल्या गवतासारखं, आणि त्याला कुणी चेरी म्हटलं नसतं. पाच आकडी पैसे मोजून चेरी टिकत नाही म्हणून लोक रडतात, असं भाची म्हणाली. रडून काय होणार? बेंझाल्डिहाइड हा लहान, हलका रेणू. माळव्यातल्या मे महिन्यात मनगटावर बसून राहणं त्याच्याकडून होत नाही. मागे राहतात ते जड पाहुणे, टोंका आणि बाल्सम.

दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला, त्याबद्दल वन्सं अजून माझ्याशी फटकून आहेत. सियागंजातून बदामाचं एसेन्स आणलं. अण्णांचं दुकान आता नाही, त्याच ओळीतलं दुसरं. बदामाच्या एसेन्सचा जीव म्हणजेही बेंझाल्डिहाइड. चेरीच्या बाटलीत त्याच खांबाला थोडी फळांची झालर लावलेली असते, आणि लाल रंग. मी एकाच पातेल्यात साखरेचं पाणी केलं, त्यात दोन थेंब बदामाचं एसेन्स घातलं, आणि दोन भांड्यांत वाटून टाकलं. एकात लाल खायचा रंग, दुसऱ्यात केशरी-पिवळा. घरात चार जण होते. लाल ग्लास पिऊन नवरा म्हणाला, "चेरीचा गोळा." भाची म्हणाली, "खोकल्याचं सिरप, लहानपणीचं." वन्सं म्हणाल्या, "चेरी, पण हलक्या दर्जाची." पिवळ्या ग्लासला तिघांनी एकमुखानं बदाम शरबत म्हटलं, वन्संना तर त्यात केशरही लागलं. चौथी आमच्याकडे कामाला येणारी बाई. तिनं दोन्ही घोट घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, दोनों एक ही तो है, आपने रंग डाला है." तिनं ग्लास घेण्याआधी डोळे मिटले होते का ते विचारायचं राहिलं.

यात नवल नाही. फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठात 2001 च्या सुमारास मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिए यांनी द्राक्षमद्य शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली होती. त्यांनी ती वर्णन करताना लाल वाइनचे शब्द वापरले. तिथं फसलेले लोक तर या विषयाचं शिक्षण घेत होते. वन्संना मी हे सांगितलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. केशराचा मुद्दा त्यांच्या फार मनाला लागला आहे.

राजवाड्याच्या मागच्या एका अत्तरवाल्याकडेही गेलो. भाचीनं विचारलं, "भैया, चेरी है?" त्यानं लगेच एक कुपी काढली, अर्थातच लाल. "असली चेरी का तेल है दीदी, तुर्की से आता है." मी म्हटलं, "भिया, चेरी में तेल होता कहाँ है?" तो क्षणभर थांबला, मग अगदी मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, "तो फिर आप खस ले जाओ." आम्ही खस घेतलं. ते उत्तम निघालं.

आता मुख्य परीक्षा राहिली होती. चौथ्या दिवशी आम्ही कुपी घेऊन अण्णांकडे गेलो. अण्णा आता 84 वर्षांचे आहेत. कान गेले आहेत, डोळे अर्धे, पण नाक शाबूत. भाचीनं त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर फवारा मारला आणि मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "ओळखा!"

अण्णांनी बाही लगेच नाकाशी नेली नाही. आधी हवेत हलवली, दोन-तीनदा, पूर्वी एसेन्सची पट्टी हलवायचे तशी. मग हुंगलं.

"बदाम," म्हणाले. "चेरीवाला बदाम."

मी भाचीकडे बघितलं. बघ, म्हटलं नव्हतं सियागंज?

"थांब," अण्णा म्हणाले. पुन्हा हुंगलं. मग बाही बाजूला ठेवली, पाच मिनिटं आमच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलले, आणि तिसऱ्यांदा हुंगलं. "हा बेकरीवाल्याचा माल नाही. मागे जर्देवाल्याचं काहीतरी आहे."

मला बोलायला काही सुचेना. टोंका बी! तिचा जीव म्हणजे कुमारिन. वाळलेल्या गवताचा तो गोड वास. विल्यम पर्किननं 1868 मध्ये ते कृत्रिम रीतीनं तयार केलं आणि 1882 च्या 'फूजेर रोयाल'पासून ते अत्तरांत आलं. तंबाखूला सुवास द्यायला टोंकाची बी फार जुन्या काळापासून वापरतात. आपल्याकडे अन्नात कुमारिन आणि टोंका दोन्ही घालायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे बेकरीच्या बाटलीत ते येऊच शकत नाही, अत्तराला आणि जर्द्याला मात्र वाट मोकळी. मी चार दिवस ज्याला तोऱ्यात 'सियागंज' म्हणत होते ते फक्त पहिल्या दहा मिनिटांचं होतं. खायची चेरी आणि लावायची चेरी जिथं वेगळी होते ती जागा माझ्या नाकानं सपशेल सोडली होती, पुस्तकं वाचून, यादी पाठ असून. सरांनी तेहतीस वर्षांपूर्वी सांगितलंच होतं.

"भाव काय?" अण्णांनी विचारलं. भाचीनं सांगितला. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितला. ऐकू गेलं होतं.

"किलोला?"

"पन्नास मिलीला, आजोबा."

अण्णांनी मनात हिशेब केला, ओठ हलताना दिसले. मग म्हणाले, "बाटली चांगली असेल." आणि बाही परत नाकाशी नेली.

भाची त्या रात्रीच्या गाडीनं गेली, कुपी घेऊन. सकाळी आठला आईचा फोन. आई 79 वर्षांची आहे आणि फोनवर प्रस्तावना करत नाही.

"यांनी जर्दा पुन्हा सुरू केलाय," म्हणाली. "अकरा वर्षं झाली होती सोडून. सदरा धुवायला घेतला तर बाहीला वास. लपवायला वर काहीतरी बदामाचं चोळलंय, पण मला कळत नाही होय? विचारलं तर म्हणतात, नातीनं परदेशी चेरी लावली. चेरी! तू ये आणि जरा बोल त्यांच्याशी."